पुठ्ठे

क्विनबीला ओहायो नदी वळण घेते.
वळणावर सात जुनी घरं. वर्षातून एकदा त्यांना
पाहुणे येतात, तिकीट काढून, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
यंदा समितीने ठरवलं, घरांसमोरून जुन्या गाड्याही जाव्यात.
समिती म्हणजे पाच जणी. काम म्हणजे मी.

फेब्रुवारीपासून फोन करतेय.
डॉयल क्रेब्सची एकतीसची फोर्ड: येईल, पण चढ नको.
हटन बहिणींची हिरवी स्टुडबेकर: येईल, पण डॉयलच्या मागे नको,
का ते विचारू नकोस, तुला माहीत आहे.
दंतवैद्याची लाल कन्व्हर्टिबल: आभाळ बघून सांगतो.
पाळकांची नॅश येतेच. तिला कोणी बोलावत नाही.

आधी वयाप्रमाणे रांग लावली, मग रंगाप्रमाणे.
शेवटी रागाप्रमाणे:
जी लवकर तापते ती पुढे, तिला वारा लागू दे,
जी बंद पडते ती शेवटी,
ढकलायला हायस्कूलची फुटबॉलवाली पोरं.

विटांच्या रस्त्यावर तेल सांडू नये
म्हणून पिझ्झावाल्याकडून एकवीस पुठ्ठे मागून आणले.
प्रत्येकावर मार्करने नाव. गाडी थांबली की सरकव खाली.
ऑर्विल मेकॅनिक म्हणाला, 'गळतेय तोवर काळजी नाही.
जुनी गाडी गळायची थांबली, तर समज, आत काही उरलं नाही.'
हे मी वहीत लिहिलं, पार्किंगच्या हिशेबाखाली.

राहिली पॅकार्ड.
टॅलमेज हवेलीची, छत्तीस सालची, काळी, संपता न संपणारी.
टॅलमेजांपैकी आता कोणी नाही,
आणि तिच्या क्लचची नाडी ओळखणारा गावात एकच:
एझरा पेटिफोर्ड, वय सत्त्याऐंशी.
त्याचे वडील ती चालवायचे, एकोणीस वर्षं, टोपी घालून.
मागच्या दाराने आत, किल्ली खिळ्याला,
मागच्याच दाराने बाहेर.

मी पीचचा केक घेऊन गेले. म्हटलं, चालवाल का?
तो खात राहिला.
मग म्हणाला, 'बसेन. मागे.'
'आणि चालवणार कोण?'
त्याने काटा माझ्यावर रोखला.

तीन संध्याकाळी, शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये,
तो मागून सांगायचा: दाब. थांब. आता सोड.
झोपलेल्या मुलाच्या मानेखालून हात काढतात, तशी.
गिअर दातओठ खायचा.
'वडिलांनी असंच शिकवलं?'
'त्यांनी नाही शिकवलं. मी पायरीवर बसून बघायचो.'

त्या दिवशी नॅश सगळ्यांच्या आधी हजर.
दुसऱ्याच घरासमोर डॉयलची फोर्ड उकळली.
धाकटी हटन स्टुडबेकरमधून उतरली,
एक शब्द न बोलता थर्मासमधलं पाणी त्याच्या हातात दिलं,
परत येऊन बसली. थोरलीने काच वर केली.

हवेलीच्या फाटकाशी मी पॅकार्ड थांबवली. पुढच्या फाटकाशी.
'मागची गादी टोचते,' एझरा म्हणाला.
'स्प्रिंगा बोचतात. तरीच ते लोक
जिथे तिथे कपाळाला आठ्या घालून उतरायचे.'
आणि हसला, खांदे गदगदा हलेपर्यंत.
मग उतरला. दारातल्या मुलीकडून निळ्या पिशव्या घेतल्या,
माझा खांदा धरून एकेका बुटावर चढवल्या,
आणि समोरच्या पायऱ्या चढून गेला.

अकरा मिनिटं. मागे दंतवैद्याचा भोंगा.
इंजिन मी बंद केलं नाही,
परत सुरू करायची हिंमत नव्हती.
आत त्याने काय पाहिलं, मला ठाऊक नाही.
आला तेव्हा म्हणाला, 'खिळा अजून आहे.'

संध्याकाळी पुठ्ठे गोळा केले.
डॉयलचा पुठ्ठा भिजून मऊ पडलेला.
हटन बहिणींचे तीन थेंब, एका ओळीत.
नॅशने पुठ्ठा सोडून अध्यक्षीणबाईंच्या गुलाबांना तेल घातलं.
पॅकार्डचा पुठ्ठा कोरडा.

साडेनऊला एझराला फोन केला.
'हात लावू नकोस,' तो म्हणाला, 'येतो.'
आला, बाही वर केली, बॉनेट उघडलं.
मी टॉर्च धरला. उजेड खाली सांडला, तेव्हा दिसलं:
त्याच्या डाव्या बुटावर
ती निळी पिशवी अजून होती.